उत्तरार्धातले तीन गोल

आम्ही तो सामना चार-तीन असा जिंकला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की हरलो होतो. आम्ही म्हणजे माझ्या लेकीचं कॉलेज. मी स्वतः त्या कॉलेजात एक दिवसही शिकलेली नाही, लेकीला तिथं जाऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. पण फुटबॉलचा संघ एकदा आपला म्हटला की आपला. त्याला जन्माचा दाखला लागत नाही.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे पेठेपेठेचे संघ असतात आणि सामन्याच्या दिवशी अर्धं शहर उरलेल्या अर्ध्याशी बोलत नाही. वडील भावांबरोबर मलाही स्टेडियमवर न्यायचे. तिथल्या पायऱ्यांवर बसून मी दोन गोष्टी शिकले. एक, समोरच्या संघाची हुर्यो कशी उडवायची. दुसरी, आपल्या खेळाडूला त्याहून जास्त कसं सुनवायचं. परक्याला बोलून काय उपयोग? बोलायचं ते आपल्या माणसाला. भर मैदानात ज्याचा उद्धार झाला, तोच संध्याकाळी पेठेतल्या कट्ट्यावर येऊन बसायचा आणि उद्धार करणाराच त्याच्या खांद्यावर हात टाकून विचारायचा, "गुडघा दुखतोय काय रं?" बेंगळुरूला लग्न होऊन आले त्याला आता वीस वर्षं झाली. येताना मी त्यातलं नुसतं बोलणं बरोबर आणलं होतं.

महादेवपुऱ्याकडच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या नीट नोंदवायच्या आणि दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या मागं लागायचं, हे माझं काम. घरचे म्हणतात, हिला याचा पगार देतात हेच नवल, ही फुकटातसुद्धा करते.

आणि फुटबॉलच्या बाबतीत मी ते फुकटातच करत होते. कॉलेजच्या संघाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात जुने विद्यार्थी आहेत, थोडे पालक आहेत आणि पीडी सर आहेत. पीडी सर म्हणजे कॉलेजचे क्रीडाशिक्षक, संघाचे प्रशिक्षकही तेच. गेल्या वर्षी एका सामन्यानंतर मी सहज चार ओळी लिहिल्या, लोकांना आवडल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक सामन्याचा अहवाल मीच लिहायचा असं ठरून गेलं. ठरवलं कुणी? मीच. लोक अंगठे दाखवायचे, कुणी "सुपर अ‍ॅनालिसिस मॅडम" लिहायचं, आणि माझ्या मनात हळूहळू पक्कं झालं की हा संघ निम्मा पीडी सर चालवतात आणि निम्मा मी.

यंदाच्या लीगमधला हा दुसरा सामना होता. तिसऱ्याला, म्हणजे पुढच्या शनिवारी, विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे येणार होते, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गोलकीपरचं शेवटचं वर्ष होतं. पहिली दोन वर्षं त्यानं एका मोठ्या मुलाच्या मागं राखीव म्हणून बाकावर काढली होती आणि आता कुठं त्याला हातमोजे घालून आत उभं राहायला मिळालं होतं. त्याला जे काही दाखवायचं होतं ते त्या शनिवारीच दाखवायचं होतं.

सामना रविवारी सकाळी आठला आमच्याच मैदानावर होता. समोर यशवंतपूरकडचं एक कॉलेज. मैदान तांबड्या मातीचं. पार्किंगच्या बाजूच्या गोलमागं एक दगडी पायरी आहे, ती माझी ठरलेली जागा. तिथून खेळ जवळून दिसतो आणि आजूबाजूला फारसं कुणी नसतं. लेक मात्र लांब मैत्रिणींच्या घोळक्यात उभी राहते. मी मराठीत ओरडते याची तिला लाज वाटते. मी तिला दरवेळी एकच सांगायची, "अगं, इथं कुणाला कळतंय?"

पूर्वार्ध बघताना मला स्टेडियमच्या पायऱ्या आठवल्या. आमचे आघाडीवीर माझ्याच बाजूच्या गोलवर चढाई करत होते, त्यामुळे चारही गोल मी हाताच्या अंतरावरून पाहिले. डावीकडून पळणारा मुलगा तर वाऱ्यागत सुटला होता. छोटे छोटे पास, एकानं मारला की दुसरा आधीच तिथं हजर. तिसरा गोल झाला तेव्हा मी पायरीवर उभी राहून ओरडले, "हाण तेच्यायला! लई भारी!" घसा फाटेस्तोवर ओरडले. मध्यंतराला चार-शून्य. मी मनातल्या मनात अहवालाची पहिली ओळसुद्धा जुळवून ठेवली.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आमचा गोलकीपर माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला. उभा राहिला आणि मागं वळून त्यानं हात हलवला. मला वाटलं, माझ्या मागं पार्किंगमध्ये त्याचे मित्र असतील. चार गोलांची आघाडी काय मिळाली, लागला हात हलवायला! मी तिथूनच सोडलं, "हात काय हलवतोस? चेंडू धर चेंडू! बुजगावणं हाईस काय?"

पाचच मिनिटांत पहिला गोल बसला. कॉर्नर आला, तो तीन पावलं पुढं आला आणि मधेच थांबला, ना घरका ना घाटका. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. दुसऱ्या वेळी साधा, सरळ, छातीवर आलेला फटका त्याच्या हातातून निसटला. मी म्हटलं, "हाताला लोणी लावून आलाईस काय रं?" मग आमची मधली फळीही घाबरली आणि मागं मागं सरकली. कर्णधारानं उगीच वाद घालून पिवळं कार्ड घेतलं. तिसऱ्या गोलाआधी मी जे बोलले ते आता लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. मी म्हटलं, "जा गावाकडं, म्हसरं राख जा! बापाला सांग, पोरगं वाया गेलं म्हणून!" त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. लांबून फटका आला तेव्हा त्याची मान अजून पुरती पुढं वळली नव्हती. चार-तीन.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसमध्ये त्या रविवारी काहीतरी नवीन बसवत होते आणि ते नेहमीप्रमाणे अडकलं होतं. मी बोलत बोलत फाटकापर्यंत गेले. परत आले तेव्हा शिट्टी झाली होती आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडून ओरडत होती. लेकीनं सांगितलं की शेवटच्या दहा मिनिटांत गोलकीपरनं दोन अवघड चेंडू अडवले, एक तर अगदी पायाशी झेपावून.

दुपारी जेवून मी अहवाल लिहिला. ऑफिसात लिहिते तसाच, इंग्रजीत, एकेक मुद्दा, प्रत्येकापुढं चूक किती गंभीर ते. डाव्या बाजूच्या मुलाचं कौतुक केलं, मधल्या फळीला तंबी दिली, कर्णधाराला शिस्तीचा डोस पाजला. सगळ्यात वर, सर्वांत गंभीर म्हणून, गोलकीपर. हा मुलगा अर्ध्याच सामन्याचा आहे, दडपण आलं की याचे हातपाय गळतात, शनिवारी दुसऱ्याला उभं करावं, असं मी लिहिलं. शेवटचे दोन बचाव मी पाहिलेसुद्धा नव्हते. त्यांच्याबद्दल लिहिलं, नशिबानं वाचलो. बावीस अंगठे आले. मी ते मोजले होते, हे कबूल करते.

मंगळवारी संध्याकाळी लेक कॉलेजातून आली. मी पोळ्या करत होते. ती पाण्याची बाटली ठेवता ठेवता म्हणाली, "आई, आज कँटीनमध्ये गोलकीपर भेटला. त्यानं विचारलं, तुझी आई कोल्हापूरची का?"

"त्याला काय माहीत?"

"तुझ्या बोलण्यावरून ओळखलं म्हणाला."

"माझं बोलणं त्याला काय कळतं?"

"आई, तो निपाणीजवळच्या गावातला आहे. घरी मराठीच बोलतात ते."

तव्यावरची पोळी करपली. मला एकदम गरम झालं, कानापर्यंत. निपाणी! कोल्हापुराहून एसटीनं तासाभराचं अंतर. माझी सख्खी आत्या तिथं दिली होती, उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी तिथं काढल्यात. सीमेवरची निम्मी गावं मराठी बोलतात, पोरं शिकायला इकडं बेंगळुरूला येतात, हे मला कळायला नको? मैदानावर तो कन्नड बोलतो म्हणून मी त्याला कन्नड समजले. वीस वर्षं मी या शहरात मराठी म्हणजे घराचं दार लावून बोलायची भाषा असं धरून चालले होते. दार सताड उघडं होतं आणि मी त्यात उभी राहून एका पोराचा बाप काढत होते.

"आणखी काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. एवढंच."

त्यानं तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी ऑफिसात करते तेच केलं, पण यावेळी स्वतःवर. पूर्वार्धात तो माझ्यापासून सगळ्यात लांब होता, तेव्हा एकही गोल नाही. उत्तरार्धात माझ्या पुढ्यात आला, तीन गोल. मी फोनवर गेले, दोन बचाव. एवढी सरळ गोष्ट, कालपरवा कामाला लागलेल्या टेस्टरलाही दिसली असती. मला दिसली नाही, कारण चुका शोधताना मी स्वतःला कधी यादीत धरलेलंच नव्हतं.

बुधवारी ऑफिसला जायच्या आधी मी मैदानावर गेले. सकाळचा सराव संपला होता आणि तो नळावर हातमोजे धूत होता. जवळून पाहिला तेव्हा माझ्या लेकीपेक्षा दोनेक वर्षांनीच मोठा असेल. मी जवळ गेले.  म्हटलं, "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं तुला समजतंय."

हे म्हटलं आणि जीभ चावली. म्हणजे समजत नसतं तर चाललं असतं, असंच मी बोलून बसले होते.

तो हसला. म्हणाला, "जाऊ दे मावशी. तुमचा आवाज पहिल्या हाफला लांबनं ऐकू येत हुता. लई बरं वाटलं. म्हटलं, आपल्याकडचं कोणतरी आलंय. आमच्या घरातलं कोण कधी मॅचला आलंच न्हाई. म्हणून तर ह्या बाजूला आल्यावर तुम्हाला हात केला."

मी त्याच्याकडं बघू शकले नाही. नळाखालच्या बादलीकडं बघत उभी राहिले. म्हणाले, "मी ग्रुपवर काय लिहिलंय ते वाचलंस?"

"वाचलं. कुणीतरी दाखवलं." तो मोजे पिळत होता. "सरांनी मला विचारलं, काय झालं रे. मी सांगितलं, ऊन डोळ्यावर येत हुतं. सर म्हणाले, सरी, बरं मग, शनिवारी तूच उभा ऱ्हा. मिटलं सगळं. तुम्ही फक्त कुणाला काय बोलू नका, मावशी."

"नाही बोलत," मी म्हणाले. त्याला शब्द दिला.

तिथं थांबायला हवं होतं. पोरानं स्वतःचं निस्तरलं होतं, माझी चूकही त्यातच झाकली होती, वर मला मावशी म्हणाला होता. पण माझ्या जिवाला चैन पडेना. तो अहवाल ग्रुपवर तसाच होता. बुधवारी रात्री कुणीतरी तो पुन्हा वर काढला, "कीपर बदला" म्हणून. आणखी चौघांनी होकार भरला. मला वाटलं, हे वाचून पीडी सरांचं मन बदललं तर? पोराचा शनिवार माझ्या त्या चार ओळींमुळे जाईल.

आणि आमच्या कामात एक रीत आहे. चुकीची नोंद झाली तर ती नुसती पुसायची नसते. ती मागं घ्यायची, आणि का मागं घेतली ते कारणासकट लिहायचं. कित्येक वर्षं मी हे नव्या पोरांना शिकवत आलेय. कारण न देता बंद केलेली नोंद मी कुणाची चालवून घेतली नाही. तेव्हा नोंद मागं घ्यायची तर कारण द्यायला हवं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला लाज सहन होत नव्हती. ती कुणाच्या तरी पुढ्यात ओतून मोकळं व्हायचं होतं. रीत तेवढ्यापुरती हाताशी आली.

शुक्रवारी सकाळी मी पीडी सरांच्या खोलीत गेले. ते कॉफी पीत होते. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये आणि उरलेलं हिंदीत सगळं सांगितलं. कोल्हापूर, पेठा, मी काय काय ओरडले, त्याला मराठी येतं, आणि तीन गोलांचा दोष त्याचा नाही, माझा आहे. माझा अहवाल कृपा करून मनावर घेऊ नका म्हटलं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा रिपोर्ट मी दर वेळी वाचतो. कॉफीबरोबर. चांगला लिहिता. पण टीम त्यावरून ठरवत नाही मी."

माझं तोंड एवढंसं झालं. निम्मा संघ चालवणारी मी! पण मनात म्हटलं, चला, बरंच झालं, पोराला धोका नाही. मी उठायला लागले.

तेव्हा सरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ऊन नव्हतं?"

मी उभीच राहिले. तिथं एक शब्द बोलायचा होता, "होतं". किंवा "मला काय माहीत". मी म्हणाले, "ऊन नव्हतं, सर. मी होते."

सरांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "उन्हाचं मी समजू शकतो. कुणालाही होतं. पण मागं एक बाई ओरडली आणि हा तीन गोल खातो? उद्या विद्यापीठाच्या टीममध्ये गेला तर चारी बाजूंनी हजार माणसं ओरडतील. आणि मला येऊन ऊन सांगतो?"

"सर, तो लहान आहे. मी त्याचा बाप काढला हो."

"दुसरे कीपरसुद्धा लहानच आहेत, मॅडम." त्यांनी संघाच्या नावांचा कागद पुढं ओढला. "स्वल्प कष्ट, जरा कठीणच आहे. बघतो."

मी खूप बोलले त्यानंतर. शेवटचे दोन बचाव सांगितले, दोन वर्षं बाकावर बसल्याचं सांगितलं, माझ्यावर बंदी घाला म्हटलं. सर मान हलवत होते, अगदी आदरानं. दारापर्यंत सोडायलाही आले. निघताना म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत ते बरं झालं."

शनिवारी मी ऑफिसचं काम आहे असं सांगून घरी थांबणार होते. मग वाटलं, तेवढा भेकडपणा तरी करू नये. गेले. पार्किंगच्या बाजूला न जाता समोरच्या पायऱ्यांवर, लोकांत बसले. निवड करायला आलेले तिघं टेबल टाकून बसले होते. गोलमध्ये दुसरा मुलगा हातमोजे बांधत होता. आमचा गोलकीपर बाकाजवळ होता, अंगावर राखीव खेळाडूंचं पिवळं जाकीट.

त्यानं मला पाहिलं. चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून तो पायऱ्यांजवळून चालला होता, तो थांबला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. खरंच काही कळत नसावं तसा विचारत होता.

"मावशी, सरांना तुम्ही सांगितलं?"

"हो," मी म्हणाले. "खरं ते सांगितलं रे. मला राहवलं नाही."

"मी तर तुम्हाला माफ केलं हुतं," तो म्हणाला. "मग कुणासाठी सांगितलं?"

मी तोंड उघडलं, पण तो उत्तरासाठी थांबला नव्हता. पंचांनी खिशातून शिट्टी काढली होती आणि त्याला त्याआधी नव्या गोलकीपरला सरावाचे चार चेंडू मारून द्यायचे होते.